खडूची फुली

टायर बदलायला गेलो होतो, दुसरं काही नाही. भर दुपार होती. दुकानात रबराचा वास कोंडलेला, आणि टायरवाला टायरच्या चळतीला टेकून चहा पीत बसलेला.

"हा टिकतो जास्त," दोन टायर पुढे लोटत तो म्हणाला, "आणि हा ओल्या रस्त्याला धरतो जास्त. पण लवकर झिजतो. कोणता देऊ?"

"धरणारा. चारही."

हेच दीड वर्षापूर्वी म्हणालो असतो तर... असो. मी जन्माचा चालढकल्या, तहान लागली की विहीर खणायला घेणारा. बायको नेमकी उलट. ती शाळेत शिकवायची, पर्समध्ये कायम खडूचे तुकडे. महिन्यातून एकदा वाकून टायरच्या खाचांत बोट घालून बघायची, आणि जो बदलायला झाला असेल त्याच्या कडेवर फुली मारायची. त्या दिवशी पुढच्या डाव्या टायरवर फुली होती.

"अहो, आधी हा बदला, मग जाऊ," ती म्हणाली.

उशीर होत होता. मी अंगठ्याने फुली पुसली आणि म्हणालो, "झालं, बदलला. बस आता." ती हसली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. तो टायर वाटेतच फुटला. मला साधं खरचटलंसुद्धा नाही.

मी फुली पुसली तेव्हा मुलगी दारातून बघत होती. आई गेली तशी ती मावशीकडे राहायला गेली आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. काल अचानक तिचा फोन आला. "बाबा, घरी येते. न्यायला या. पण चारही टायर नवे असतील तरच गाडीत बसेन." फोन ठेवून रडलो, खोटं कशाला सांगू.

टायर चढल्यावर मी एकेकाच्या कडेवरून हात फिरवून पाहिला. चारही काळेभोर, कोरे.

"काय शोधताय?" टायरवाल्याने विचारलं.

"तुम्ही खुणेला खडू वापरता का?"

"छे हो. आमच्याकडे पिवळा रंग असतो."

मावशीच्या फाटकाशी मुलगी बॅग घेऊन उभीच होती. वाळली होती पोर. ती आधी गाडीभोवती फिरली, आईसारखीच वाकून खाचांत बोट घालत. पुढच्या डाव्या टायरपाशी मात्र थांबली.

"बाबा... ही तुम्ही काढलीत?"

फुली होती. ताजी, पांढरी. एक टोक जरा खाली ओढलेलं, तिच्या आईची सवय होती तसं.

"नाही," मी म्हणालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि उन्हात खडूच्या भुकटीचा वास येत होता... बंद वर्गात येतो तसा.

अंगठा शिवशिवला. टायर कोरे करकरीत होते, गाडीत काही दोष नव्हता. पण मी किल्ली खिशात टाकली.

"चल, बसने जाऊ."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा बांध फुटला. "त्या दिवशी हेच म्हणाला असतात तर, बाबा..."

"हो गं. माझंच चुकलं." दीड वर्षात मी हे पहिल्यांदा बोलून दाखवलं.

बस थांब्यावरच उभी होती. आम्ही चढलो. मी वाकून तिची बॅग सीटखाली सरकवली आणि तिच्या शेजारी बसलो. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, बायकोने आपल्या लेकीला वाचवलं, आणि मलाही माफ केलं.

"तुम्ही गाडीत कुठे टेकला होतात, बाबा?" मुलीने विचारलं.

"का गं?"

"वाकलात तेव्हा दिसलं. पाठीवर शर्टाला खडू लागला होता. तशीच फुली."

"पुसू नकोस... हात लावू नकोस तिला."

"पुसली पण मी, मघाशीच," ती म्हणाली आणि हात झटकले. बस सुटली होती.