खणाचा डबा

आलापल्लीच्या सागवानाबरोबर मी मद्रासपर्यंत गेलो आहे. ठेकेदाराची लाकडं मालाच्या वाघिणीत आणि मी तिसऱ्या वर्गात. वीस वर्षं हेच केलं. डब्यांबद्दल मला कोणी शिकवू नये.

लांबच्या प्रवासाला जुना खणाचा डबा सर्वांत चांगला, असं माझं मत होतं. समोरासमोर दोन बाकं, दोन्ही बाजूंना दार. एका खणातून दुसऱ्यात जायला वाट नाही. दार ओढून घेतलं की पुढच्या स्टेशनापर्यंत कोणी त्रास देत नाही. थकलेल्या माणसाला दुसरं काय पाहिजे? आता लांब मोकळे डबे निघाले आहेत. त्यांत लोक रात्रंदिवस पायांवर पाय देऊन जातात. मला ते पसंत नव्हते.

चोपन्न सालच्या वैशाखात हे मत बदललं. ते सांगतो.

माझी मुलगी कमळा सात महिन्यांची गरोदर होती. आधीची दोन गेली होती. या वेळी पुन्हा रक्त जाऊ लागलं. आमची सुईण रुखमाबाई म्हणाली, "भाऊ, नागपूरले न्या. पण पोरीले बसू देऊ नका. आडवीच ठेवा. बसली का मूल गेलं, आन् पोरगीही जाईल."

जावई इसरू दूर जंगलात कामावर होता. लाकडाच्या ट्रकमध्ये भाताचं तणस पसरून मी तिला बल्लारशाला आणलं. दोन रात्री झोप नव्हती. सकाळच्या पॅसेंजरला एक खण जवळजवळ रिकामा दिसला. कमळाला एका बाकावर निजवलं. समोरच्या बाकावर एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, सामान काही नाही. शेजारच्या जागेवर तिनं दुपट्टा टाकून जागा धरली होती. खणात ब्रेक घासल्यावर येतो तसा लोखंडाचा जळका वास होता. मी म्हटलं, इंजिनाचा असेल.

मी दाराची मूठ धरून बसलो. एक माणूस आत आला की त्याच्यामागे चार येतात, आणि कमळाला उठून बसावं लागतं. कोणालाही आत घ्यायचं नाही, असं ठरवलं.

चांदा आलं. उतरणारे उतरले. गाडी उभी होती, तोच डब्याच्या त्या टोकाकडून दारं वाजू लागली. एक दार, मग त्याच्या अलीकडचं. कोणीतरी प्रत्येक खण ठोकत येत होतं.

बाई एकदम पुढे सरकली.

"भाऊ, आमचा मानूस आला. त्याले आपला खण सापडून नाई राह्यला. एक हाक मारा ना."

"तुमीच मारा."

"मी नाव कसं घेऊ, भाऊ?" तिनं हात पुढे केला. मनगटाच्या वर हिरवं गोंदण होतं. "इथी हाये पाहा. वाचा अन् हाक मारा."

मी दुसरी नापास आहे, पण अक्षर लावता येतं. झिंगू. स्वच्छ वाचलं.

"मले वाचता येत नाई," मी म्हणालो.

ठोके शेजारच्या खणापर्यंत आले. गाडी सुटली.

मी आयुष्यात कोणापुढे अडाणी असल्याचं कबूल केलेलं नाही. त्या दिवशी खोटंच केलं. कमळा पडल्या पडल्या पाहत होती.

"बाबा, खोटं काऊन बोलता?" ती हळूच म्हणाली.

"तू चूप पड."

भांदक आलं. ऊन पांढरं झालं होतं. पुन्हा त्या टोकाकडून दारं वाजली. मी खिडकीतून डोकं काढलं. सगळा फलाट दिसत होता. पाणीवाला दूर नळाशी होता. डब्याजवळ कोणी नव्हतं. आणि दारं वाजत होती... एक... मग अलीकडचं.

मी डोकं आत घेतलं.

"दर वेळी असंच होते," बाई म्हणाली. "ते शेजारपर्यंत येते अन् गाडी सुटते. तुमी मारा हाक. मी त्याईले माह्याजवळ बसवीन. तुमच्या पोरीले धक्का नाई लागू देनार."

मी मूठ सोडली नाही. थकलो होतो. भीती वाटायलाही अंगात जोर लागतो.

वरोऱ्याला ठोके फार जोरात आले. बाई रडू लागली. कमळा तापानं फणफणली होती. तिला मी चौथीपर्यंत शिकवलं, याचा मला गर्व होता. तिनं मान वळवली, बाईचा हात पाहिला आणि आडव्यानंच ओरडली, "झिंगूभाऊ! इथी या, इथी!"

ठोके थांबले.

माझ्या हातातली मूठ फिरली. मी सगळा जोर लावला, तरी फिरली. दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. गरम वारा आत आला आणि दार आपोआप लागलं. कमळाच्या पायाशी बाक करकरलं.

बाईच्या शेजारी दुपट्टा तसाच पडला होता. ती कमळाच्या पायाशी पाहत राहिली.

"तिनं बोलावलं," ती म्हणाली. "तुमी मारली असती हाक, भाऊ, तं ते माह्याजवळ आले असते... आता ते तिचं आयकतीन."

गाडीनं वेग घेतला होता. बाई उठली, पलीकडचं दार उघडून बाहेर पाऊल टाकलं. मी धावलो. रुळांच्या कडेला गिट्टी होती, पळसाची झुडपं होती. बाई नव्हती.

नागपूरपर्यंत कमळा पाय आखडून निजली. मी म्हटलं, पाय लांब कर. ती म्हणाली, "जागा कुठी हाये, बाबा?"

रक्त थांबलं. दोन महिने दवाखान्यात राहून तिनं मुलगा घेऊन घर गाठलं. डॉक्टर म्हणाले, नशीब. मीही तेच म्हणालो.

आता दोन वर्षं झाली. आमची गल्ली आठ घरांची, आमचं घर पाचवं. भर दुपारी पहिल्या घराचं दार वाजतं. कोणी उघडतं, बाहेर कोणी नसतं. मग दुसरं, मग तिसरं. चौथ्यावर थांबतं, हाकेची वाट पाहिल्यासारखं. इसरू म्हणतो, माकडं असतील. कमळा पाय पोटाशी घेते.

नातू आता बोलू लागला आहे. आई म्हणतो, पाणी म्हणतो. काल ठोके चौथ्या घरावर थांबले, तेव्हा तो हातातली भाकर टाकून दाराकडे दुडदुडत गेला. फटीला तोंड लावलं. मी मागून त्याला उचललं आणि तोंडावर हात दाबला.

तळहाताखाली त्याचे ओठ हलत होते.