पिवळी पिशवी आणि झेंड्यांच्या होड्या

शालूआत्याच्या हातातून लालभडक रक्त निघत होतं, नळीतून यंत्रात शिरत होतं, आणि यंत्राला टांगलेल्या पिशवीत जमत होतं ते मात्र पिवळं.

चक्क पिवळं! वरण निवळल्यावर वर येतं ना, तसलं पाणी.

केतकीनं डोळे चोळले. मग ती वाकून यंत्राच्या मागं पाहून आली. मागं काही सांडलेलं नव्हतं. मग लाल गेलं कुठं?

हा झाला गोंधळ पहिला. तो आपण इथंच खुंटीला टांगून ठेवू, कारण त्याच्या आधी आणखी एक गोंधळ होऊन गेला होता.

गोंधळ दुसरा, जो आधी झाला

देवगडच्या किनाऱ्यापासून खूप आत, अरबी समुद्रावर एक शेत तरंगतं. तिथं भात पिकत नाही, समुद्रशेवाळ पिकतं. केतकीचे बाबा मल्हार तांडेल या शेताचे दोर सांभाळतात, तिची शालूआत्या क्रेन चालवते आणि मोठे काका, पार्थकाका, क्रेनपासून पंपापर्यंत सगळ्या यंत्रांची देखभाल करतात. शाळेला सुट्टी लागली की केतकीचा मुक्काम इथंच.

त्या दिवशी सकाळी जाड दोर सुटला आणि बाबांचा पाय त्याखाली सापडला. खूप रक्त गेलं. शेतावरच्या छोट्या दवाखान्यात डॉक्टर साखळकर त्यांच्यावर उपचार करू लागल्या. किनाऱ्यावरून मदतीची बोट निघाली होती खरी, पण समुद्रावर धुकं इतकं दाट होतं की ती मुंगीच्या चालीनं येत होती.

पार्थकाकांनी लगेच बाही सरसावली. "माझा ओ गट. ओ म्हणजे सगळ्यांना चालतो. घ्या किती हवं तितकं!"

रक्त घेण्याचं काम टिपूसचं. टिपूस म्हणजे दवाखान्याचा यंत्रमानव: दुधाच्या किटलीएवढा, तीन हातांचा आणि अतिशय नम्र. त्यानं काकांचं रक्त घेतलं, आपल्या पोटातल्या यंत्रात गरगर फिरवलं, त्यातला लाल भाग बाबांसाठी आत पाठवला, आणि उरलेली पिवळी पिशवी थंड कपाटात ठेवून दिली.

"अरे मेल्या, अर्धं रक्त बाजूला ठेवलंस?" काका ओरडले. "आत माझा भाऊ पडलाय, आणि तू साठवण कसली करतोस?"

"क्षमा असावी. हा भाग मल्हाररावांना चालणार नाही," टिपूस म्हणाला.

थोड्या वेळानं डॉक्टरांचा आतून आवाज आला. "टिपूस, लाल पेशी पुरेशा आहेत, पण रक्त गोठत नाहीये. आता प्लाझ्मा हवा. आपल्याकडचा संपला."

टिपूसनं खोलीतल्या सगळ्यांकडे पाहिलं. समोर नेहमीचे रक्तदाते पार्थकाका, बाही अजून वरच. त्यांना ओलांडून तो थेट गेला शालूआत्यापाशी. आत्यानं आजवर एकदाही रक्त दिलं नव्हतं. तिचा गट एबी.

केतकीला शाळेत शिकवलेलं पाठ होतं: ओ गट सगळ्यांना देतो, एबी गट सगळ्यांकडून घेतो. यावर घरात एक जुनी थट्टाही होती. आत्यानं ताटात दुसरा मोदक घेतला की काका म्हणायचे, "घेणारच ती! रक्तच तसलं." आत्या हसायची, पण मोदक हळूच परत ठेवायची.

आणि आज यंत्र देणाऱ्याला सोडून घेणारीकडे चाललं होतं.

"हे बिघडलंय," काका केतकीच्या कानात म्हणाले. केतकीलाही तसंच वाटलं.

गोंधळ तिसरा, ज्यानं सगळं थांबवलं

आता परत त्या पिवळ्या पिशवीपाशी या.

पिशवीचा तळ जेमतेम झाकला होता. एवढ्यात आत्या म्हणाली, "केतू, माझ्या ओठांना मुंग्या येतायत गं. आणि हात गार पडलाय."

चुकीचा माणूस, चुकीचा रंग, आणि आता मुंग्या! केतकीनं पुढं होऊन यंत्रावरचं लाल बटण दाबलं. गरगर आवाज बसत गेला आणि थांबला.

"आपण मला थांबवलंत," टिपूस शांतपणे म्हणाला. "हरकत नाही. बटण त्यासाठीच आहे. मात्र या क्षणी आत्याबाईंच्या बऱ्याचशा लाल पेशी माझ्या पोटात आहेत. त्या त्यांना परत द्यायच्या आहेत."

"परत?" केतकी आणि काका एकदम म्हणाले.

"परत. मी फक्त पिवळं ठेवून घेतो."

खुंटीवरचा पहिला गोंधळ आता काढून घ्या. रक्त दिसतं एकसारखं लाल, पण ते असतं मिश्रण. प्लाझ्मा (रक्तातलं पिवळसर पाणी, गोठण्याला लागणारे पदार्थ यातच असतात) आणि त्यात तरंगणाऱ्या लाल पेशी. यंत्र ते मिश्रण अपकेंद्रणानं (गरगर फिरवून जड आणि हलकं वेगळं करण्यानं) वेगळं करतं. जड लाल पेशी बाहेरच्या कडेला जातात, हलका प्लाझ्मा आतल्या बाजूला राहतो. प्लाझ्मा पिशवीत, लाल पेशी माघारी हातात. म्हणून मागं काही सांडलेलं नव्हतं!

"आणि मुंग्या?" केतकीनं दरडावून विचारलं.

"रक्त माझ्या नळ्यांत गोठू नये म्हणून मी त्यात सायट्रेट (लिंबातल्या आंबट पदार्थाचं भावंड) मिसळतो. ते अंगातलं थोडं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून मुंग्या. परत येणारं रक्त वाटेत निवतं, म्हणून गारवा. आत्याबाई, ही कॅल्शियमची गोळी चघळा. आता मी सावकाश फिरेन."

आत्यानं गोळी चघळली. तिच्या ओठांचा रंग केतकीला जरा बरा वाटला. पण आत्यानं दुसऱ्या हातानं यंत्र झाकून धरलं.

"थांब. मुंग्यांचं सोड, मी मुंग्यांना भीत नाही. पण माझं घेणाऱ्याचं रक्त. ते मल्हारला बाधलं तर? माझ्या हातानं माझ्या भावाला..."

"बाधणार नाही. आपल्या प्लाझ्मामध्ये ए आणि बी प्रतिजनांविरुद्धची प्रतिपिंडं अनुपस्थित..."

"काय म्हणतो तो?" आत्यानं केतकीकडे पाहिलं. "मला यंत्राची भाषा कळत नाही, केतू. तू समजून घे आणि तू मला सांग. तू सांगितलंस तर देईन."

आतून डॉक्टरांची हाक आली. "टिपूस, पिशवी कुठंय?"

केतकी टिपूसकडे वळली. "टिपूस, सोपं करून सांग. पटकन."

"चित्र काढू?"

"काढ!"

टिपूसनं भिंतीवरच्या पडद्यावर बंदर काढलं. बंदरात होड्या.

"होड्या म्हणजे लाल पेशी," तो म्हणाला. "काही होड्यांवर तांबडा झेंडा, तो ए गट. काहींवर निळा, तो बी गट. दोन्ही झेंडे असतील तर एबी. एकही झेंडा नसेल तर ओ. या झेंड्याला म्हणायचं प्रतिजन (पेशीच्या अंगावरची खूण)."

"बाबांचा गट बी. म्हणजे निळ्या झेंड्याच्या होड्या," केतकी म्हणाली.

"बरोबर. आता बंदराच्या पाण्यात पहारेकरी पोहतात. पाणी म्हणजे प्लाझ्मा, पहारेकरी म्हणजे प्रतिपिंडं (परक्या खुणेला पकडणारे रेणू). पहारेकरी आपल्या बंदराचे झेंडे सोडून देतात आणि परका झेंडा दिसला की होड्या पकडून एकमेकींना जखडतात. माझ्या चित्रात एवढंच आहे. पुढचं आपण सांगा."

केतकी पडद्याकडे पाहत राहिली. तिच्या डोक्यात होड्या एकमेकींवर आदळत होत्या.

"काकांच्या होड्यांवर झेंडाच नाही. म्हणून त्या कुठल्याही बंदरात गेल्या तरी कुणी अडवत नाही. म्हणून ओ सगळ्यांना देतो."

"होड्या देतो," टिपूस म्हणाला.

"होड्या..." केतकी थबकली. "पण काकांच्या बंदरात एकही झेंडा नाही, म्हणजे तिथल्या पहारेकऱ्यांना दोन्ही झेंडे परके! ते पाणी बाबांच्या बंदरात ओतलं तर ते बाबांच्याच निळ्या होड्या पकडतील!"

पार्थकाकांनी हळूच बाही खाली घेतली.

"आणि आत्याच्या बंदरात दोन्ही झेंडे आहेत." केतकीचा आवाज चढला. "तिथं कुणीच परकं नाही. म्हणून तिथं या झेंड्यांसाठी पहारेकरीच नाहीत! आत्या, तुझं पाणी कुणालाही चालेल. होड्यांच्या बाबतीत तू घेणारी. पण पाण्याच्या बाबतीत सगळं उलटं! पाणी सगळ्यांना देणारी तूच!"

आत्या तिच्याकडे बघत राहिली. "नक्की?"

केतकीनं पुन्हा एकदा सगळ्या होड्या मनातल्या मनात फिरवल्या. तांबड्या, निळ्या, बिनझेंड्याच्या. कुठं काही अडकेना.

"नक्की."

आत्यानं यंत्रावरचा हात काढला. "मग दाब ते हिरवं बटण."

केतकीनं दाबलं. गरगर सुरू झाली. पिशवी भरत गेली, आणि ती आत घेऊन जाणारा टिपूस इतक्या वेगानं घरंगळला की दाराला धडकला.

मग नुसती वाट पाहणं. खिडकीबाहेर धुकं होतं.

शेवटी डॉक्टर साखळकर बाहेर आल्या. त्यांनी मास्क खाली ओढला. "रक्तस्राव थांबला. बोट आली की पायाचं बघू, पण मल्हार आता सुखरूप आहेत." मग आत्याकडे वळून म्हणाल्या, "पहिलीच वेळ ना? छान दिलंत."

आत्यानं तोंड वळवून डोळे पुसले.

पार्थकाका बाहेर गेले आणि एक शहाळं फोडून घेऊन आले. आत्यासमोर उभं राहून त्यांनी घसा खाकरला. "घे गो. आज तुका घेवकच होया."

"घेतेच," आत्या म्हणाली. तिनं शहाळं तोंडाला लावलं आणि थेंबभरही परत न ठेवता संपवलं. "आणि घरी गेल्यावर मोदकही घेणार. दोन."

"तीन घे!" काका म्हणाले.

"पण माझ्या पिवळ्या पिशवीचं काय?" मग त्यांनी टिपूसला विचारलं. "ती वायाच ना?"

"मुळीच नाही. गोठवून ठेवली आहे. ओ गटाच्या रुग्णाला ती चालते. त्याच्या होड्यांवर झेंडेच नाहीत, मग पहारेकरी पकडणार कुणाला?"

काकांची छाती पुन्हा थोडी फुगली.

गोंधळ चौथा

केतकी मात्र अजून पडद्यासमोरच होती. तिनं बोटानं एका होडीवरचा झेंडा खोडला. मग आणखी एकीचा.

"टिपूस, होड्यांवरचे झेंडे असे काढून टाकता आले तर? मग गटांची भानगडच उरणार नाही. कुणीही कुणाला होड्या देईल."

टिपूसचे दिवे दोनदा लुकलुकले. "शास्त्रज्ञ त्याचे प्रयत्न करत आहेत. झेंडे कापणारी विकरं (पेशीतल्या कामांना गती देणारे पदार्थ) त्यांना सापडली आहेत. पण सगळ्या अडचणी सुटलेल्या नाहीत. पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही."

"तुझ्याकडेसुद्धा नाही?"

"नाही."

केतकीला आज दिवसभरात पहिल्यांदाच गोंधळल्याचं बरं वाटलं. "मग हा गोंधळ पुसू नकोस," ती म्हणाली. "हा माझ्यासाठी ठेव."

टिपूसनं पडद्याच्या कोपऱ्यात एक बिनझेंड्याची होडी काढली, आणि तिच्याखाली लिहिलं: राखीव, केतकी तांडेल.

बाहेर धुक्यातून बोटीचा भोंगा ऐकू आला.