तेरडदऱ्यातली काडीमोड

त्या दिवशी नलूबाईनं शाळेतल्या खिचडीचं काम जावेवर सोपवलं. सकाळीच भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला, बाटलीत पाणी भरलं आणि पोरीचा हात धरून बाहेर पडली. गल्लीत शेजारणीनं हटकलंच, "कुठी चालल्या मायलेकी?"

"फुलं पाहाले," नलूबाई म्हणाली.

आता यात खोटं काही नव्हतं. दिग्रसहून आर्णीकडे जाताना डोंगरात तेरडदरा म्हणून एक दरी आहे. पोळा सरला की तिथं तेरडा असा माजतो, की लांबून डोंगर गुलाबी दिसतो. पूर्वी गुराखी सोडले तर तिकडे कुणी फिरकत नसे. मग मोबाइलवर व्हिडिओ फिरले, आणि आता ज्याला सुट्टी तो तेरडदऱ्यात! नलूबाईची मोनालीही गेल्या रविवारी मैत्रिणीबरोबर, नाहिदबरोबर, गेली होती. संध्याकाळी घरी आली, पण धड आली नाही.

धड आली नाही म्हणजे काय, ते ऐका. पोरगी आपल्याच घरात पाहुणीसारखी वागू लागली. पाणी प्यायचं तर विचारायची, "घेऊ काय?" ओढणी डोक्यावरून खाली येईना. दिवस कलला की पिशवी भरून दारात उभी. "घरी जातो वं माय. वाट पाहून राह्यले असतीन."

"कोण वाट पाहून राह्यलं?"

यावर मोनाली मान खाली घालून लाजायची. ते लाजणं पाहिलं की नलूबाई तिच्या हातातली पिशवी काढून घ्यायची आणि दाराला कडी लावायची. नवरा गेल्यावर एकटीनं वाढवलेली पोर. नुकताच नर्सिंगला नंबर लागलेला, यवतमाळला जायचं होतं. आणि ती नर्सिंगचं नाव काढलं की आईकडे ओळख नसल्यासारखी बघत होती.

शेवटी नाहिदनं रडत रडत सांगितलं. दरीत फुलांच्या मधोमध एक दगडी उंबरा आहे. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसता उंबरा. त्यावर लाकडी माप ठेवलेलं, आत कुर्डूचं काळं बी काठोकाठ. "आमाले वाटलं, कोणी फोटोसाठी मांडलं असंन, मावशी. मोनालीनं डोक्यावर ओढणी घेतली, उजव्या पायानं माप लवंडलं आन् आत गेली. मी व्हिडिओ काढून राह्यलती. नवरी आली, नवरी आली म्हणून हासत होतो आमी..."

"अवं भवान्यांनो!" नलूबाई कडाडली. "नवऱ्याच्या घरी माप लवंडून आत जाते ते सून होते! दुसऱ्याच्या उंबऱ्यावर असले खेळ करते काय कोणी?"

लोकांनी मांत्रिकाचे पत्ते दिले. नलूबाईनं सगळ्यांना वाटेला लावलं. बाबासाहेबांच्या वाटेवरचं घर. तिथं गंडे-दोरे चालत नव्हते. "भूत-खेत मी मानत नाही," ती म्हणाली. "पण माह्या लेकीले कोणी ठेवून घेतलं असंन, तर त्याले जाब विचारल्याबिगर मी राहात नाही."

तर अशा या फुलं पाहायला निघालेल्या मायलेकी. नाहिदच्या स्कूटीवर तिघी दाटीवाटीनं बसल्या आणि बंजाऱ्यांच्या तांड्यापाशी उतरल्या. दरीच्या तोंडाशी तांड्यावरचा ओळखीचा नेमसिंग शेळ्या राखत बसला होता. त्यानं मोनालीच्या डोक्यावरच्या ओढणीकडे पाहिलं आणि तोंडातली विडी काढली.

"याडी, नको नेऊ तिले आत. रीठ हाय ते, उजाड गाव. पटकीत गाव गेलं. तवा एका घरी लगीन होतं, मांडव पडला होता... नवरी पोचलीच नाही. तिची वाट पाहातेत ते." मग आवाज उतरवून म्हणाला, "काळी कोंबडी सोड आन् परत फिर."

"नेमसिंगभाऊ, मी कोंबडी बी सोडत नाही आन् पोरगी बी सोडत नाही."

वाट सागाच्या झाडांतून चढते, मग एकदम खाली उतरते. आणि खाली तेरडा. कमरेएवढा, ओला, गच्च. आधी नुसती फुलंच दिसली. मग नलूबाईच्या ध्यानात आलं, की फुलं चौकोनांत वाढली आहेत. चौकोन संपला की पायवाट, वाटेपलीकडे दुसरा चौकोन. घरं, गल्ल्या, मधे पाराची जागा. एवढी फुलं, पण त्यांवर एक माशी नाही, एक फुलपाखरू नाही. भर दुपारी कुठं किडा किरकिरत नव्हता. वास मात्र होता, आणि तो फुलांचा नव्हता. ताज्या सारवणाचा होता, चुलीच्या धुराचा होता, आणि मोठ्या पातेल्यात शिजणाऱ्या वांग्याच्या भाजीचा.

मोनाली पुढं झाली. तिला कुणी वाट सांगितली नाही. जिथं भिंत नव्हती तिथं ती भिंतीला वळसा घालून जात होती, आणि एका जागी तर वाकली. ठेंगणं दार असल्यावर वाकतात तशी. नाहिदनं मावशीचा दंड घट्ट धरला.

उंबरा आला. माप उंबऱ्यावर उभं होतं. काठोकाठ भरलेलं.

"मावशी... हे सांडलं होतं. मी पाहिलं होतं..."

"गप. मांगं उभी राह्य."

नलूबाईनं कमरेला खोचलेली पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, काडी काढली. लहानपणी तिनं मावशीची फारकत पाहिली होती. पंच बसले, नवराबायकोनं एका काडीची दोन टोकं धरली, मोडली, संबंध तुटला. यात देव नाही की देवस्की नाही, सरळ व्यवहार. तिनं काडीचं एक टोक मोनालीच्या हातात दिलं आणि तो हात उंबऱ्यापलीकडे धरला.

काडी लांब होती, लवचीक होती. पलीकडचं टोक खाली झुकायला हवं होतं. झुकलं नाही. मग हळूच पलीकडून कुणीतरी ओढून बघितलं.

मोनाली हसली.

 खोटं कशाला सांगू, नलूबाई भ्याली. पण तिच्या भीतीची जात अशी, की ती पोटात मावेनाशी झाली की तोंडावाटे राग होऊन बाहेर पडायची.

"कोणाले इचारून सून केली रे हिले?" ती ओरडली. "पोरगी पाहाले कोण आलतं माह्या दारी? माह्या लेकीनं खेळात पाय लावला त तुमी तिचा जलम घेता काय? मोडा काडी!"

आत बांगड्या वाजल्या. कुणी म्हातारं माणूस खोकलं. मग मोनालीच बोलली, अगदी हलक्या आवाजात, "माय... ते म्हणतेत, राहू द्या... सून चांगली हाय... आमी तिले काही कमी केलं नाही..."

"तुमचं भरलं घर तुमाले लखलाभ! काडी मोडा म्हणते ना! नाही मोडली त मी इथंच बसते. ऊन येऊ द्या, पाणी येऊ द्या. तेरड्याचा रंग तीन दिवस, पण मी जलमभर उठत नाही!" आणि ती खरंच फतकल मारून उंबऱ्यासमोर बसली.

वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी सगळा तेरडा एकदा हलला.

काडी मोडली. मोनालीच्या हातात अर्धी राहिली. उरलेली अर्धी खाली पडल्याचा आवाज कुणालाच आला नाही.

मोनाली आईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडून रडली. मग म्हणाली, "माय, लय भूक लागली वं." सागाखाली बसून तिनं सगळ्या भाकरी खाल्ल्या, ठेच्यानं तोंड भाजलं म्हणून आईवर चिडली, आणि नलूबाई ती चिडचिड ऐकत डोळे पुसत राहिली. स्कूटीवर परतताना यवतमाळला जायचे कपडे कोणते, यावर मायलेकी भांडल्यासुद्धा. त्या रात्री दोघी गाढ झोपल्या.

सकाळी सडा टाकायला नलूबाईनं दार उघडलं. पायरीवर एक गाठोडं होतं. फारकत झाली की बाईचं जे असेल ते माहेरी पोचतं करायचं, अशी जुनी रीत आहे. गाठोड्यात हिरवं लुगडं होतं. नवं नव्हे, धुऊन धुऊन विटलेलं, गुडघ्याशी ठिगळ लावलेलं. काही बांगड्या होत्या, वापरून पातळ झालेल्या. आणि अगदी तळाशी तान्ह्या लेकराचं टोपरं. त्याचा एक बंद चघळलेला होता, आणि अजून ओला होता.

मोनाली त्या उंबऱ्याआत एक दुपार होती. फक्त एक दुपार.

नलूबाईनं टोपरं मुठीत दाबलं आणि तरातरा चुलीकडे गेली. जाळायचं आणि विषय संपवायचा. हात जाळावर धरला, तेवढ्यात मागं पावलं वाजली.

दारात मोनाली उभी होती. डोळे स्वच्छ, आवाज तिचा स्वतःचा, डोक्यावर ओढणी नाही. फक्त तिचा कुर्ता छातीवर दोन्हीकडे ओला झाला होता.

"माय," ती म्हणाली, "ते नको जाळू. लहान्याचं हाय ते."