मागचा माणूस

ज्याचा विवेक जागा आहे, त्याला अंधार काहीही करू शकत नाही. हे वाक्य माझंच आहे. भर दुपारी बारा वाजता, चार माणसांच्या मध्ये बसून, पोटात गरम भात असताना लिहिलेलं. त्यानंतर सहा तासांनी अंधार पडायला लागला.

सन पंचावन्न. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली हे त्याच जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव होतं. मी डाकेच्या कामावर देखरेख करणाऱ्या एका साहेबाचा मदतनीस होतो. पुढे विनोदी लेखक म्हणून लोकांनी मला बरीच वर्षं सहन केलं. पण माझं सगळ्यात विनोदी लिखाण त्या नोकरीतच झालं, आणि ते एका शब्दाचं आहे.

झालं असं. जांभूळडोह ते मोहटोला ही सात मैलांची वाट जंगलातून जायची. मोटार जांभूळडोहापर्यंत यायची, तिथून डाक पायी मोहटोल्याला आणि पुढं पुन्हा मोटारीनं मोठ्या कचेरीत. ती न्यायला पूर्वी दोन माणसं असत. पुढच्याकडे कंदील आणि थैली, मागच्याकडे घुंगराची काठी. काठी आपटत चाललं की जनावर बाजूला होतं, अशी समजूत. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पुढचा माणूस मोहटोल्याला पोचला आणि मागचा पोचला नाही. त्याचं नाव इसरू. शोध झाला, पंचनामा झाला. दरम्यान वरच्या लोकांच्या लक्षात आलं की एका माणसानंही डाक वेळेवर पोचते. मग जागा ‘तूर्त’ रिकामी ठेवली. सरकारी ‘तूर्त’ माणसापेक्षा जास्त जगतो.

पुढचा जो उरला तो मुखरू. त्यानं अर्ज केला, दुसरा माणूस द्या. मग पुन्हा केला. सहाव्या अर्जावर चौकशी निघाली आणि माझ्या हातात एक छापील कागद आला. त्यावर एकच प्रश्न होता: ‘अंधार पडल्यावर एकट्या माणसाने जंगलातून चालणे सुरक्षित आहे काय?’ पुढे होय, नाही. नको असेल ते खोडावे. ‘नाही’ असल्यास कारणांची तीन पानं जोडावीत.

जांभूळडोहाला डाकेचं काम शाळेचे गुरुजी गुणवंतराव बघत. त्यांच्या ओसरीवर मी चार गावकरी बोलावले आणि प्रश्न वाचून दाखवला.

"एकटं?" त्यातला एक म्हातारा म्हणाला. "एकटं कोन जाते जी?"

"मुखरू जातो ना दर डाकेला."

म्हाताऱ्यानं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी अंगणातल्या गाईकडे पाहिलं. गाईनं कुणाकडे पाहिलं नाही.

खरं तर वाट स्वतः चालून मग लिहायचं होतं. पण थैली साडेपाचला बंद व्हायची, पुढची डाक तीन दिवसांनी होती, आणि तीन पानं लिहायचा मला कंटाळा होता. त्या नोकरीत मी दमलो होतो तो चालून नाही, लिहून. मी ‘नाही’ खोडलं, खाली विवेकाचं ते वाक्य टाकलं आणि सही केली. साडेपाचला गुरुजींनी कागद थैलीत टाकला, तोंड बांधलं, लाखेची मोहर केली. आता ती थैली मोठ्या कचेरीशिवाय कुणाला उघडता येणार नव्हती. मग नियम म्हणून मी मुखरूबरोबर चालायला निघालो.

मुखरू चाळिशीचा, वाळक्या अंगाचा. खांद्यावर थैलीच्या पट्ट्याचा काळा वण. वेशीबाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

"काय लिवलं जी, साहेब?"

"नियमाप्रमाणे लिहिलं." खोटं बोलायचं नसलं आणि खरंही सांगायचं नसलं की सरकारी माणूस हे वाक्य वापरतो.

"दुसरा मानूस भेटन ना?"

"बघू."

"लवकर पाहा जी. इसरू लय थकला."

"इसरू? तो तर दोन वर्षांपूर्वीच..."

"हाव," मुखरू म्हणाला. "म्हून तं थकला."

मी हसलो. तो हसला नाही. त्यानं कंदील पेटवला, वात खाली केली.

"तुमी माह्या मांगं चाला. मी मधात मधात इचारीन, ‘हाय का?’ म्हून. ते तुमाले नाई इचारत. तुमी बोलू नका. आन मांगं पाहू नका."

"काय होतं मागं पाहिलं तर?"

"काई होत नाई. रीत नाई, बस. थैली पुढं जाते, मांगं नाई."

फाल्गुन अर्धा उलटला होता. सागाची पानं गळून वाटेवर पसरली होती आणि प्रत्येक पावलाला पापड मोडल्यासारखा आवाज होत होता. मोहाची फुलं गळत होती, टप, टप, आणि सगळीकडे त्यांचा तो गोड, जरा आंबूस वास. मैलभर मी आमच्या पावलांचे आवाज ऐकत चाललो. एक माझं, एक मुखरूचं. मुखरू अनवाणी होता, त्याचं हलकं. माझ्या पायात नव्या वहाणा होत्या, त्यांचं जड.

नाल्याच्या उताराशी मुखरू न थांबता ओरडला, "हाय का?"

"हाव."

आवाज मागून आला. पन्नास पावलांवरून, साधा, जरा धाप लागलेला. पाठोपाठ घुंगरं वाजली. छन्न. छन्न.

मी बुद्धिवादी माणूस. लगेच हिशोब लावला की गावातलं कुणीतरी सोबतीला निघालं आहे, आणि अशी सोबत फुकट मिळत असताना खात्यानं माणूस नेमणं म्हणजे उधळपट्टी. माझा ‘होय’ बरोबर होता. या विचारानं मला इतकं बरं वाटलं की मान वळवायची आठवणही झाली नाही. आता वाटतं, आठवण झाली होती. मान वळत नव्हती.

"कोण आहे रे तो?"

"सांगतलं ना जी."

मग चालता चालता मुखरू बोलायला लागला, माझ्याशी नाही, कंदिलाशी बोलल्यासारखा. "त्या दिवशी इथीच घुंगरू बंद झालं. मी इचारलं, हाय का? जवाब नाई. पुन्हा इचारलं. नाई. थैली खांद्यावर, रीत अशी का मांगं पाहाचं नाई. मी नाई पाह्यलं. तसाच चालत गेलो. दुसऱ्या दिवशी पुरा गाव घेऊन आलो, तं काईच नाई. काठीबी नाई. वाघ असता तं काई ठेवलं असतं."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी एकटा निंगालो. इथी आलो. सवयीनं इचारलं."

मागं घुंगरू वाजत होतं.

"शिवेपर्यंत येते," थोड्या वेळानं तो म्हणाला. "शिवेवर थांबते, मांगं फिरते. पाळी सोडाले दुसरा मानूस पाह्यजे ना. त्याची बायको, गोकुळा, रोज सांजच्याले दारात पान्याचा गडवा ठेवते, पाय धुवाले. सकारी तसाच भरला राह्यते. घरी आल्याबिगर त्याचे दिवस कराले तयार नाई ती. दोन साल झाले, कुकू लावते. लोक नावं ठेवते. म्हून इतले अर्ज केले जी. माह्यासाठी नाई केले."

थैली त्याच्या पाठीवर हलत होती. तिच्यात माझा कागद होता. मी मोहर मोडता येईल का, याचा विचार केला. मग डाकेच्या कायद्यातलं कलम आठवलं आणि नाही केला.

चौथ्या मैलाला, "हाय का?"

बराच वेळ काही नाही. मग, "हाव." इतका दमलेला आवाज मी पुढे फक्त इस्पितळांत ऐकला. घुंगरं वाजत होती, पण आता काठी आपटल्यासारखी नाही. ओढल्यासारखी.

त्यानंतर वास बदलला. मोहाचा गेला आणि ओल्या घोंगडीचा आला. पाऊस तर चार महिन्यांत नव्हता. मी पावलं मोजायला लागलो. मुखरूची मोजली. माझी मोजली. मग पानांवरची उरलेलीही मोजली, तेव्हा मोजणं सोडून दिलं.

शीव दिसायला लागली होती. दूर मोहटोल्याचे दोन-तीन दिवे.

"हाय का?"

काही नाही.

घुंगरू थांबलं होतं.

"हाय का?" मुखरू उभा राहिला. रीत मोडून उभा राहिला, पण मान वळवली नाही.

"हाय का रे, इसरू?"

त्याचा आवाज फुटला. दोन वर्षांपूर्वीही तो असाच फुटला असणार, आणि असाच तो पुढं चालत गेला असणार.

आता माझ्याविषयी एक सांगतो. अकरा वर्षं मी रोज सकाळी हजेरीला उभा राहिलो होतो. नाव पुकारलं आणि कुणी बोललं नाही, तर शेजाऱ्यानं त्याच्यासाठी बोलायचं, हा आमच्या कचेरीचा अलिखित धर्म होता. मी तो कित्येकदा पाळला होता. त्या माणसाचं रडणं मला ऐकवेना.

"हजर," मी म्हणालो.

सगळं रान गप्प झालं. फुलं गळायचीही थांबली.

मग मागं घुंगरू एकदा वाजलं. पुन्हा वाजलं. मग भराभर. पळत. माझ्या उजव्या हाताला वारा लागला, ओल्या घोंगडीचा वास अंगावरून गेला, आणि आवाज कंदिलाच्या उजेडातून पुढं निघून गेला. उजेडात कुणीही नव्हतं. वाटेवरची पानं मात्र एकामागून एक दबत गेली, थेट दिव्यांच्या दिशेनं.

मुखरू मटकन खाली बसला. थैली जमिनीवर टेकली.

"हे का केलं जी, साहेब?"

"काय केलं?"

"जवाब देल्ला तुमी. जो जवाब देते, मांगची पाळी त्याची." तो माझ्याकडे बघत राहिला. दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं आणि, त्याला दोष देत नाही, तो हसत होता. "पन गेला जी. घरी गेला."

मग तो उठला, थैली उचलली आणि पुढं चालायला लागला. दहा पावलांवर जाऊन, मागं न बघता, हळूच म्हणाला, "हाय का?"

मी काय करणार? म्हणालो, "हजर."

गोकुळाचं घर शिवेला लागूनच होतं. ती दारात उभी होती, हातात चिमणी. गडवा उंबऱ्यापाशी आडवा पडला होता आणि पाणी अंगणात वाहत होतं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर ओल्या पावलांची रांग होती. आत जाणारी. बाहेर येणारी नव्हती.

"आला," ती म्हणाली. अजिबात न घाबरता, जसं रोजचं. मग तिनं विचारलं, "मुखरूभाऊ, कोनं सोडवलं त्याले?"

मुखरूनं कंदील माझ्या तोंडासमोर धरला.

ती आत गेली, दुसरा गडवा भरून आणला आणि माझ्या पायाशी ठेवला.

"धुवून घ्या जी पाय," ती म्हणाली. "तुमाले आता लय चालाचं हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं कुंकू पुसलं आणि दिवस घातले. मी चांद्याला परतून कारणांची तीन नव्हे, नऊ पानं लिहिली. उत्तर आलं की विषयांकित प्रकरणी आपला ‘होय’ मान्य झाला असून फेरविचाराची तरतूद नाही. दुसरा माणूस नेमला गेला नाही. माझ्याच सहीनं.

पुढे तिकडे सडक झाली, पायी डाक बंद पडली. मुखरू वारल्याचं गुणवंतरावांनी कार्डानं कळवलं. ते कार्ड वाचून मला वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही. त्या संध्याकाळी दिवेलागणीला मी खिडकीत बसलो होतो. त्या रात्रीपासून रोज होते तशीच, नेहमीच्याच वेळी खालून विचारणा झाली, ‘हाय का?’ आवाज मुखरूचाच होता. मी नेहमीचंच उत्तर दिलं.

मी आता नागपुरात दुसऱ्या मजल्यावर एकटा असतो. गुडघे गेले, तीन वर्षांत जिना उतरलेलो नाही. डॉक्टर म्हणतात, चालणं बंद करा. मी म्हणतो, तुम्हीच सांगून बघा. सकाळी अंग सात मैलांचं दुखतं, टाचांना भेगा आहेत, आणि पलंगाखालच्या वहाणांना कधी मोहाचं फूल चिकटलेलं असतं, कधी सागाच्या पानाचा चुरा.

तर अंधारात जंगलातून एकट्यानं चालणं सुरक्षित आहे का? वाचक पत्रांतून विचारतात, म्हणून सांगतो. असेल. मला एकट्यानं चालायचा अनुभव नाही.

कुणाला भेटायला यायचं असेल तर जरूर या, शक्यतो दिवेलागणीला. खालून कुणी काही विचारलं तर मी जरा ऐकायला कमी येतं म्हणून गप्प बसेन. तुम्ही संकोच करू नका, खुशाल ओ द्या. आणि येताना वहाणांचा एक जोड आणा, माझे तळ पार झिजले आहेत. नऊ नंबर. किंवा असं करा, तुमच्याच मापाचा आणा.