दोनशे नंबरची वाट

हिंगोलीच्या कचेरीतून सेनगावला कॉम्प्युटरवरून याद्या जात. त्यांच्या दोन वाटा हिंगोलीचं नेटवर्क सांभाळणाऱ्या देविदासनेच राउटरमध्ये घातल्या होत्या : एक सरळ तारेची, दुसरी पुसेगावच्या टॉवरवरून. ज्या वाटेचा आकडा लहान, ती आधी. तारेला दहा, टॉवरला पन्नास. दहा बंद पडली की काम आपोआप पन्नासवरून चालायचं.

२००४च्या श्रावणात तिथे तिसरी वाट दिसली. आकडा एक. ती कुणी घातली, कुठून जाते, काही पत्ता नाही. त्या दिवशीची यादी तिच्यावरून गेली आणि एक नाव गळालं : जनकाबाई, पुसेगाव.

सेनगाव कचेरीतल्या माणिकरावांचा फोन आला. "तिच्या पोराला इचारलं. त्यो म्हणून राहिला, मला माय नव्हतीच. दारात लुगडं वाळून राहिलंय, ते कोनाचं, ठाऊक न्हाई म्हणतो."

देविदासने ती वाट पुसली. चहा पिऊन आला, तर पुन्हा हजर! मग त्याने तिला आकडा दिला दोनशे. दोनशे पंचावन्न दिला असता, तर ती कायमची बंद झाली असती. पण जादा वाट बुजवायला या धंद्यातल्या माणसाचा हात धजत नाही. असू दे अडीअडचणीला.

भाद्रपदात खोदकामात तार तुटली, त्याच दुपारी टॉवरही बंद पडला. रेशनची यादी पाचच्या आत गेली नाही, तर साडेतीनशे घरं महिनाभर धान्याला मुकणार होती. उरली फक्त दोनशेची.

यादीत तांड्यावरची रूपाबाई होती, त्याची आई. देविदासने तेवढं एक नाव काढून ठेवलं. बाकीच्यांपैकी कोण जायचं ते जावो! त्याला लाजही वाटली नाही. त्याने कळ दाबली.

पाच मिनिटांत माणिकरावांचा फोन.

"यादी बराबर आली. धाडलेल्यातलं एक बी नाव कमी न्हाई."

देविदासचा जीव भांड्यात पडला.

"फकस्त खाली पाठवणाऱ्याचं नाव कोरं हाय. तुमी कोन बोलून राहिले?"

त्याने तांड्यावरच्या दुकानात फोन लावला, आईला बोलावून घ्यायला सांगितलं.

"याडी," तो म्हणाला, "मी देविदास."

घरच्यांशी ती बंजाऱ्यांच्या गोरमाटीतच बोलायची. मराठी फक्त परक्यांशी.

"कोन देविदास, साहेब?" तिने मराठीत विचारलं. "मला लेकरू झालंच न्हाई."

त्याला हुंदका फुटला. पलीकडे ती जरा घुटमळली.

"रडू नका, साहेब. घरी जा. तुमची माय जेवायची थांबली असंल."