पहिली ओंजळ

मी लग्नांचे फोटो काढतो. जैसलमेरपासून आमच्या गावापर्यंतचे निम्मे नवरदेव माझ्यासमोर घाम पुसत उभे राहिलेत. पण त्या वैशाखात मला पखुर्डीचा फोटो हवा होता. या पाखराचा नर पाण्यात छाती भिजवतो आणि पिसांत धरलेलं ते पाणी कोसभर लांबच्या पिल्लांना नेऊन पाजतो. तो उडतानाचा एक फोटो मिळावा म्हणून सात दिवस मी तळ्याकाठी खड्ड्यात बसत होतो. त्यापेक्षा नवरदेव परवडले. ते थांब म्हटलं की थांबतात तरी.

आमच्या तळ्याचा एक नियम आहे. पाण्याला हात लावणाऱ्यानं पहिली ओंजळ वाळूवर सोडायची, वाळवंटात तहानेनं मेलेल्या आपल्या माणसाचं नाव घेऊन. आमच्या घरातून मात्र नाव घेतलं जात नसे. जीसा, म्हणजे माझे वडील, हरवलेली सांडणी शोधायला एकटे गेले आणि वाळूच्या वादळात अडकले, त्याला एकोणीस वर्षं झाली. प्रेत मिळालं नाही. माँनं हातातला चुडा उतरवला नाही. एकदा मी ओंजळ भरली, तर तिनं मनगटच धरलं. जीसांच्या नावानं पाणी सोडलं म्हणजे ते मेले असं आपणच ठरवल्यासारखं होईल, असं तिचं म्हणणं. तिच्यापुढे बोलायची माझी काय टाप!

आठव्या दिवशी नऊच्या सुमारास, लख्ख उन्हात, पखुर्ड्या आल्या. शे-दोनशे तरी असतील. नर पोटापर्यंत पाण्यात उतरले, अंग घुसळत राहिले आणि एकदम उठले. मी बटण दाबून धरलं. डोक्यावरून जाताना त्यांच्या छातीवरचं पाणी माझ्या मानेवर टपटपलं. मला इतका आनंद झाला की एक गोष्ट उशिरा लक्षात आली. या पाखरांची घरटी चहूकडे असतात. हे सगळे मात्र पश्चिमेच्या उंच धोऱ्याकडे, वाळूच्या टेकडीकडे चालले होते, जिथल्या वाळूत गवताची काडी उगवत नाही.

फोटो मोठा करून पाहिला. नर धोऱ्यावर उतरत होते. त्यांच्या खाली, वाळूतून वर आलेली, एक ओंजळ होती. डाव्या हाताची करंगळी अर्धीच.

मी धोऱ्यावर चालत गेलो. तिथे कोणी नव्हतं. फक्त परातीएवढी वाळू ओली होती. कोपरापर्यंत हात घातला, तरी ओलच लागली. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण त्याआधी माझे हात जोडले गेले होते.

घरी येऊन माँला फोटो दाखवला. तिनं त्या अर्ध्या करंगळीवर बोट ठेवलं.

"करंगळी उंटानं चावली होती," ती हळूच म्हणाली. "लग्नाआधी... एकोणीस वर्षं मी त्यांना तहानलेलं ठेवलं, हमीर."

"तुला कसं माहीत असणार, माँ..."

"पाखरांना माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर तळ्यावर आली. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. तिच्या तोंडून ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं ओंजळ भरली.

"जैतदान," ती म्हणाली. "जैतदान, पाणी घ्या."

पाणी वाळूत जिरलं. मग तिनं एकेक करून चुडा उतरवला, पदरात बांधला आणि माझ्या शेजारी खड्ड्यात बसली. पखुर्ड्या आल्या, भिजल्या, उडाल्या आणि चारी दिशांना आपापल्या पिल्लांकडे पांगल्या. माँ रडत होती आणि हसतही होती. मलाही रडू आवरलं नाही.

एकच नर पश्चिमेला गेला.

माँचं लक्ष नव्हतं, ते बरं झालं. मी त्याचा फोटो घेतला आणि तिच्याकडे पाठ करून मोठा केला. धोऱ्याच्या वाळूतून पुन्हा एक ओंजळ वर आली होती. हात बाईचे होते आणि दोन्ही मनगटांत चुडा होता.

जीसा घरातून एकटेच निघाले होते. त्या वादळात आमच्या गावातून दुसरं कोणी हरवलं नव्हतं. मी रोज तळ्यावर ओंजळ भरतो आणि तशीच पुन्हा पाण्यात सोडतो. जीसांबरोबर ती बाई कोण होती, नाव कोणाचं घ्यायचं, हे विचारायचं तर माँलाच विचारावं लागेल.