ब्रोन्या मावशीच्या पायऱ्या

डेव्हन, ती खेकड्यांच्या टरफलांची पिशवी आधी घट्ट बांध आणि मागच्या गल्लीतल्या डब्यात टाकून ये. बॉल्टिमोरचा ऑगस्ट आहे हा. सकाळपर्यंत अख्खा रस्ता नाक धरून चालेल.

हां. आता बस इथे. टेरेसा, तूही बस. लग्नानंतर ते कोपऱ्यावरचं घर घ्यायचं चाललंय ना तुमचं? दारावर पितळेची पाटी आहे, ‘जतन केलेली ऐतिहासिक वास्तू’ म्हणून. त्या पाटीवर थुंकावंसं वाटतं मला. घर घ्या नाहीतर नका घेऊ, मामा म्हणून मी मध्ये पडणार नाही. पण तिथे लिओ कुझमाचं काय झालं तेवढं ऐका. लिओनेच मला सांगितलंय, माझ्या स्वयंपाकघरात बसून. शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

त्या घरात खालच्या मजल्यावर ब्रोन्या सुलेक राहायची. आम्ही सगळे तिला मावशीच म्हणायचो. कालव्यांच्या कारखान्यात शिंपले फोडून फोडून तिची बोटं वाकडी झाली होती. तरी दर शनिवारी सकाळी बाई गुडघ्यांवर बसून दाराच्या संगमरवरी पायऱ्या ब्रशने घासायची. आमच्या लहानपणी या रस्त्यावर प्रत्येक घरची बाई घासायची. शेवटी ती एकटी उरली. पर्यटक तिचे फोटो काढायचे. ती म्हणायची, “फोटो काय काढतोस, बादली उचल!”

मग ते घर क्लेम हार्करने विकत घेतलं. त्याला जुन्या घराचा फक्त चेहरा हवा होता. समोरच्या विटा, वरची नक्षी, त्या पायऱ्या. आतलं सगळं फोडून त्याला नवे फ्लॅट करायचे होते. वरच्या भाडेकरूंना ‘भिकाऱ्यांसारखे काय राहता इथे’ म्हणत तो रोज हुसकावत होता. मावशी मात्र हलेना. कायदा तिच्या बाजूने होता. ती त्याला तोंडावर म्हणाली, “साहेब, मी इथून आडवीच जाईन.”

लिओ हार्करकडे दुरुस्तीची कामं करायचा. जुलैत हार्कर त्याला म्हणाला, “म्हातारीच्या मोरीची पाइप तुंबलीय म्हणे.”

“नाही, चांगली वाहतेय. मी परवाच बघितली.”

“लिओ,” हार्कर म्हणाला, “ती तुंबलीय.”

कळलं ना? लिओ तळघरात उतरला आणि त्या पाइपात सिमेंटमध्ये भिजवलेल्या चिंध्या ठासून आला.

वरच्या मजल्यांवर अजून माणसं राहत होती. त्यांची सगळी घाण, संडासाचीसुद्धा, मावशीच्या मोरीतून, तिच्या आंघोळीच्या टबातून उलटून वर यायला लागली. तिने लिओला फोन केला. “लिओ राजा, माझ्या हातची पोंच्की खाऊन मोठा झालास तू. ये रे बाळा, बघ जरा. जेवण जात नाही मला.” लिओ म्हणायचा, उद्या येतो मावशी. रोज उद्या.

ती बादल्या भरभरून ते मागच्या गल्लीत नेऊन टाकायची. आम्ही महापालिकेला फोन केले. तपासनीस आला, हार्करशी बोलला, गेला. आणि शनिवारी पायऱ्या धुवायला मावशी माझ्या नळाचं पाणी न्यायची. म्हणायची, “आत काय आहे ते रस्त्याला कशाला दिसायला हवं?”

एका शनिवारी ती आली नाही. दार मी आणि शेजारच्या दोघांनी फोडलं. स्वयंपाकघरात पडली होती. घोट्याएवढ्या... जाऊ दे. माश्या होत्या. तिच्या तोंडावर... नाही सांगवत मला. हातात ब्रश होता एवढं सांगतो.

हार्कर बाहेर नाकाला रुमाल लावून उभा होता. मला विचारतो काय, तर “पायऱ्यांवर काही सांडलं नाही ना?”

ऐकलंस, टेरेसा? पायऱ्यांवर!

त्याने घर आतून फोडलं, रंगवलं, पाटी लावली. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आपल्याकडे जुन्या घरांची फेरी असते, माणसं मेणबत्त्यांच्या उजेडात घरं बघत हिंडतात. त्याच्या आदल्या रात्रीची, शुक्रवारची गोष्ट. हार्करने लिओला किल्ली दिली. खिडक्यांत मेणबत्त्या मांडून ठेव, हीटर लावून ये, सकाळी घर उबदार हवं. एवढंच काम.

लिओ गेला तेव्हा अकरा वाजून गेले होते. कोरडी, कडक थंडी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोपऱ्यावरच्या बारचा दिवा तेवढा चालू. त्याने हीटर लावला, मेणबत्त्या मांडल्या. शेवटची ठेवत होता, तेव्हा बाहेरून आवाज आला.

खर्र... खर्र...

त्याला वाटलं, कुत्रं दार ओरबाडतंय. त्याने दार उघडलं.

खालच्या पायरीवर एक बाई गुडघ्यांवर बसली होती. रस्त्याकडे तोंड, लिओकडे पाठ. अंगात बिनबाह्यांचा सुती झगा. त्या थंडीत उघडे दंड. बाजूला बादली. ती पायरी घासत होती.

“कोण आहे?”

खर्र... खर्र...

मग वास आला. हिवाळ्यातल्या त्या गोठलेल्या हवेत, जुलैतला वास. तुंबलेल्या संडासाचा, सडलेल्या मांसाचा, गोडसर. तिने ब्रश बादलीत बुडवला. बादलीत पाणी नव्हतं. करडं, हिरवट, दाट. त्यात केसांचे पुंजके. ते पायऱ्यांवरून वाहायला लागलं. खाली नाही... वर. वरच्या पायरीकडे. लिओच्या बुटांवर चढलं. गरम होतं.

“मावशी?...”

हात थांबला.

...

ती वळली नाही. गुडघ्यांवरच जरा बाजूला सरकली. त्याच्यासाठी जागा केली. आणि दुसरा एक ब्रश पायरीवर ठेवला.

लिओ मला म्हणाला, “स्टॅश, मी बसलो. का बसलो, माहीत नाही. पाय आपोआप दुमडले.”

तो घासत होता. जितकं घासावं तितकं दगडातून वर यायचं. तो ओकला. ओकलेलंही घासलं. हात थांबला की शेजारून आवाज यायचा. हळू, मायेने.

“अजून आहे, राजा.”

रात्रभर. तेवढंच.

“अजून आहे...”

उजाडताना पाववाल्याने त्याला पाहिलं. एकटाच पायरीवर गुडघे टेकून बसलेला. ना बादली, ना ब्रश. रिकाम्या हातांनी कोरडा दगड घासत होता. आणि पायऱ्या पांढऱ्याशुभ्र, काही डाग म्हणून नाही. तेवढ्यात हार्कर आला. “वा, लिओ! चकाचक केल्यास की!” त्या दिवशी लोकांनी तिथे उभं राहून फोटो काढले. हार्कर सगळ्यांना सफरचंदाचं गरम सायडर वाटत होता.

लिओ तिथून थेट माझ्याकडे आला. चिंध्यांपासून सगळं सांगितलं. मी त्याच्यापुढची कॉफी उचलली आणि मोरीत ओतली. किळस आली मला त्याची. शाळेपासूनचा मित्र, पण किळस आली. म्हटलं, “मला काय सांगतोस? पोलिसांत जा.”

तो नाही म्हणाला नाही. सोमवारी गेला, एकट्याने धीर होईना म्हणून मीही गेलो. त्याने लिहून दिलं सगळं. हार्करने वकील उभे केले. पाइप कधीच काढून फेकली होती, पुरावा कुठून आणणार? हार्कर आज फ्लोरिडात पोहतोय. लिओ मात्र स्वतःच्या कबुलीवर तुरुंगात गेला, तिथेच वारला.

पण तो सोमवार. त्याच्या बोटांचे ठसे घ्यायचे होते. तिथली मुलगी यंत्राच्या काचेवर त्याचं एकेक बोट दाबत होती. पडद्यावर काहीच उमटेना. तिने काच पुसली. त्याचे हात पुसले. परत दाबले.

काही नाही.

मग तिने त्याचे तळहात उलटे करून दिव्याखाली धरले. आणि सोडून दिले, चटका बसल्यासारखे.

मी वाकून पाहिलं. जखम नाही, खरचटलेलं नाही. आणि रेषा नाहीत. हाताची एकही रेषा नाही, बोटांच्या पेरांच्यासुद्धा नाहीत. नुसते पांढरे, गुळगुळीत... वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे.